लिनक्स डेस्कटॉप मोकळा बसून पण वॅट खातोय? प्रोसेसर बदलायच्या आधी हे बघा

ऊन तापायला लागलं आणि लाईटचा खेळ सुरू झाला की परभणी, सेलू, मानवत, जिंतूर इकडच्या झेरॉक्सवाल्या, ऑनलाईन फॉर्मवाल्या दुकानांतून एकच प्रश्न येतो. लिनक्स टाकलंय, प्रोसेसर पण नवा टाकलाय, तरी लाईट गेली की यूपीएस लगेच पुं पुं करायलंय, आता कमी लाईट खाणारा कुठला प्रोसेसर घेऊ ते सांगा. आणि यातले निम्मे लोक एकदा विचारून, काहीतरी बदलून, काही महिन्यांनी परत तोच प्रश्न घेऊन येतात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय, थोडं लांबेल.

प्रोसेसरचं नाव बघून लाईटचा हिशोब लागत नाही. दुकानातला किंवा घरातला डेस्कटॉप दिवसातला बहुतेक वेळ काहीच करत नसतो, फॉर्म उघडा आहे, गिऱ्हाईक आधार कार्ड शोधतंय, तुम्ही चहा पिताय. या मोकळ्या वेळात मशीन सॉकेटमधून किती वॅट ओढतं त्यावर तुमचं बिल आणि तुमचा बॅकअप ठरतो, आणि त्या वॅटमधे प्रोसेसरचा वाटा बऱ्याचदा सगळ्यात मोठा नसतोच. शेतात काम नसलं म्हणून बैलाची वैरण थांबत नाही, तसं आहे हे.

खोक्यावरचा आकडा

लोक टीडीपी बघून तुलना करतात. हा ६५ वॅट, तो ३५ वॅट, म्हणजे दुसरा निम्मी लाईट खाणार. असं काही नसतं. टीडीपी हा कूलर केवढा लागेल याचा अंदाज द्यायला काढलेला आकडा आहे. इंटेलच्या आय५ १२४०० वर ६५ वॅट बेस लिहिलंय पण टर्बोची (थोडा वेळ जास्त वेगाने पळायची) कमाल ११७ वॅट आहे, हे इंटेलच सांगतं, लपवलेलं काही नाही. आय३ १२१०० ला ६० आणि ८९. वरच्या आय९ १२९००के ला १२५ आणि २४१. एएमडीचं पण तसंच, एएम४ सॉकेटवर (हा बोर्डवरचा प्रोसेसर बसवायचा सॉकेट, भिंतीतला नव्हे) ६५ वॅटवाला राइझन त्या सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो, १०५ वाला १४२, आणि एएम५ वरचा ७९५०एक्स कागदावर १७० आणि प्रत्यक्षात २३० पर्यंत.

हे झालं पळताना. बसल्यावर यातला कुठलाच आकडा लागू नाही. आय५ १२४०० नीट झोपला तर आख्खं प्रोसेसर पॅकेज दोनचार वॅटवर येतं, आणि नीट झोपला नाही तर तेच पॅकेज कितीतरी जास्त खात बसतं, तेच मशीन, तोच प्रोसेसर. त्यामुळे "१२४०० किती लाईट खातो" याला एक उत्तर नाहीच.

टी अक्षरवाल्या प्रोसेसरबद्दल पण बोलून घेतो, कारण रिफर्बिश टायनी डबे (वापरून परत नीट केलेले छोटे पीसी) हल्ली आपल्याकडे भरपूर यायलेत. आय५ ६५०० आणि आय५ ६५००टी यांच्यात बसल्याजागी फरक नावापुरता असतो. टी ला वरची मर्यादा ३५ वॅटची आहे एवढंच. टायनी डबा कमी लाईट खातो ते मुख्यतः त्याचा बोर्ड छोटा, बाहेरून लॅपटॉपसारखा अडॅप्टर, आत फालतू काही लावलेलं नाही म्हणून. श्रेय मात्र टी ला जातं.

आधी मोजा

सॉकेटमधे लावायचा पॉवर मीटर मिळतो, ऑनलाईन मागवा, फार महाग नसतो. त्यावर वॅट बघायचे, व्हीए किंवा अँपिअर बघून गुणाकार करायचा नाही, कारण साध्या एसएमपीएसचा (डब्यातल्या पॉवर सप्लायचा) पॉवर फॅक्टर खराब असतो आणि व्हीएचा आकडा वॅटपेक्षा बराच मोठा दिसतो. मॉनिटर वेगळा मोजा. १८-१९ इंची एलईडी साधारण १५-२० वॅट घेतो, तो प्रोसेसरच्या नावावर खपवू नका.

मोजताना मशीन चालू करून, लॉगिन करून, पाचेक मिनिटं हात न लावता सोडा. सुरुवातीला अपडेट बघणं, फाईलींचा इंडेक्स करणं असली कामं चालू असतात, तेव्हाचा आकडा धरू नका. मग तीन आकडे लिहून ठेवा, मशीन मोकळं असताना, यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना, आणि पूर्ण लोड दिल्यावर. पहिल्या आकड्यावर तुमचं भांडण आहे हे लक्षात ठेवा.

बॅकअपचं गणित पण इथंच सांगतो. ६०० व्हीएच्या यूपीएसमधे बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते, कागदावर ८४ वॅट-अवर. पण ती ७ एएच ही २० तासांत सावकाश काढली तर, म्हणजे ०.३५ अँपिअरने. तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून १२० वॅट ओढत असतील तर बॅटरीतून १२ अँपिअरच्या वर चाललेत, तेव्हा लेड ॲसिड बॅटरी निम्म्यावरच हात टेकते. नवी बॅटरी असली तरी पाव तासाच्या आसपास. तोच लोड ४० वॅटवर आणला तर वेळ फक्त तिप्पट होत नाही, त्याहून जास्त वाढतो, कारण सावकाश काढली की बॅटरी जास्त देते. म्हणून मोकळ्या वेळेतले २०-३० वॅट वाचवायचे बिलापेक्षा बॅकअपमधे जास्त जाणवतात. बिलाचं म्हणाल तर ५० वॅट कमी झाले, रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस, १५० युनिट. एका मशीनचे. चार मशीन असतील तर करा हिशोब.

मीटर नसेल तर लिनक्समधून पण बघता येतं पण अर्धंच. २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेल प्रोसेसरमधे रॅपल नावाची सोय आहे, प्रोसेसर स्वतःच स्वतःचा खर्च सांगतो. टर्बोस्टॅट, पॉवरटॉप, एस-टुई ही सगळी टूल तिथूनच वाचतात. २०२० मधे त्यातून एक सुरक्षेचं भोक निघालं, तेव्हापासून हे आकडे फक्त रूटला (ॲडमिनला) दिसतात, म्हणून सुडो लावल्याशिवाय काही टूल शून्य दाखवतात आणि लोकांना वाटतं आपला प्रोसेसर जुना आहे. राइझनवर पण आकडे मिळतात. पण इंटेलचा रॅपलचा आकडा आणि एएमडीचा रॅपलचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका, मोजायची पद्धत वेगळी, काय धरलंय ते वेगळं. शिवाय त्यात बोर्ड नाही, एसएमपीएसचा तोटा नाही, डिस्क नाही, पंखे नाहीत. दोन मशीनची तुलना करायची तर सॉकेटवरच.

झोप का लागत नाही

आता मुख्य दुखणं. प्रोसेसर मोकळा असला की कोअर एकेक करून झोपतात, त्याला सी-स्टेट म्हणतात. सगळे कोअर झोपले की आख्खं पॅकेज झोपतं आणि खरी बचत तिथं होते, कॅश, मेमरी कंट्रोलर, सगळं मंद होतं. पण पॅकेज झोपायला बोर्डवरच्या बाकीच्यांनी पण परवानगी द्यावी लागते. एक जरी कार्ड जागं राहिलं तरी सगळं घर जागं.

हे बघायला टर्बोस्टॅट. उबुंटू, मिंटवर लिनक्स-टूल्स-जेनेरिक टाकलं की येतं, सुडो लावून चालवा. सेलूतल्या एका दुकानात मशीन होतं, आठव्या पिढीचा आय३, दुकानदार म्हणे, "सर, प्रोसेसर बदलला तरी यूपीएस तेवढंच टिकायलंय की ओ." टर्बोस्टॅट लावलं. बिझी टक्के १ च्या खाली, म्हणजे कोअर निवांत. कोअरचे सी७ चे टक्के ९५ च्या वर, म्हणजे कोअर झोपलेत पण. उजवीकडे सरकलं तर पॅकेजचे रकाने (पीसी म्हणजे पॅकेजची सी-स्टेट, आकडा मोठा तेवढी झोप खोल), पीसी२ मधे थोडंफार, आणि पीसी३, पीसी६, पीसी७, पीसी८ सगळीकडे शून्य शून्य शून्य शून्य. तिथंच समजलं. डबा उघडला तर एक जुनं पीसीआय एक्सप्रेस वायफाय कार्ड लावलेलं, आणि मशीनला नेट तर लॅनच्या वायरने चालू होतं, वायफाय कुणी वापरतच नव्हतं. कार्ड काढून ठेवलं, परत चालू केलं, पाच सेकंदाला एक ओळ येते टर्बोस्टॅटची, तिसऱ्या चौथ्या ओळीपासून पीसी६ च्या रकान्यात आकडे भरायला लागले आणि पॅकेज वॅटचा रकाना खाली खाली. प्रोसेसर बदलून जे झालं नाही ते एका स्क्रूने झालं.

प्रत्येक ठिकाणी असं कार्डच असेल असं नाही. नेहमीचे गुन्हेगार सांगतो.

बायोस, म्हणजे बोर्डची स्वतःची सेटिंग. बऱ्याच असेंबल केलेल्या मशीनमधे सी-स्टेट बंद असतात किंवा ऑटोवर असतात आणि ऑटोचा अर्थ बोर्डवाल्याने स्वतःच्या मनाने लावलेला असतो. पॅकेज सी-स्टेट लिमिट नावाची ओळ असेल तर ती सी८ किंवा सी१० किंवा जे सगळ्यात खोल दिसेल त्यावर ठेवा. एएसपीएम नावाची ओळ असेल तर चालू करा.

एएसपीएम म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या लाईनला झोपवायची सोय. एलएसपीसीआय दोन व्ही लावून, सुडोने चालवलं की प्रत्येक डिव्हाईसखाली एएसपीएम चालू का बंद ते दिसतं. रिअलटेकची लॅन चिप आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक स्वस्त बोर्डवर असते आणि तिच्या काही मॉडेलवर लिनक्सचा ड्रायव्हर हे मुद्दाम बंद ठेवतो, कारण चालू केलं की नेट अडकायचं अशा तक्रारी जुन्या आहेत. जबरदस्तीने चालू करता येतं, पण नेट मधेच तुटायला लागलं तर परत बंद करा, फॉर्म सबमिट करताना नेट गेलं तर वाचलेल्या दोन वॅटचं गिऱ्हाईकाला काय सांगणार.

साटाची, म्हणजे डिस्कच्या वायरची लिंक पण एक आहे. डेस्कटॉपवर ती बऱ्याचदा मॅक्स परफॉर्मन्सवर असते, म्हणजे डिस्क मोकळी असली तरी लिंक जागी. मिडीयम पॉवर विथ डीआयपीएम हा पर्याय बहुतेक एसएसडीला चालतो. मिनिमम पॉवरवर जाऊ नका, काही स्वस्त एसएसडी त्यात लटकतात.

पॉवरटॉपबद्दल एक. सगळे ऑटो ट्यून चालवा म्हणून सांगतात आणि ते चांगलं आहेच, पण त्यात यूएसबीचं झोपणं पण चालू होतं, मग माऊस दोन सेकंद हलवला नाही की पहिला क्लिक वाया. पॉवरटॉपच्या ट्यूनेबल्सच्या पानावर जाऊन माऊस-कीबोर्डच्या ओळी परत "बॅड" म्हणजे खराब करून ठेवा, इथं खराबच बरं. आणि पहिल्या पानावर सेकंदाला किती वेळा कोण उठवतंय ते बघा. ब्राउझरचे उघडे पडलेले टॅब सगळ्यात वर सापडतील, फॉर्मच्या साईटवरची ती पळती पट्टी आणि फिरणारे बॅनर प्रोसेसरला झोपू देत नाहीत.

ग्राफिक कार्ड आणि यूट्यूब

हा भाग वेगळा काढला कारण आपल्याकडं कुणीतरी सांगितलं म्हणून आय५ २४०० सारख्या मशीनमधे पण जीटी ७१० टाकलेलं असतं. आय५ २४०० मधे स्वतःचं ग्राफिक आहे. गेम खेळत नसाल तर कार्ड काढा, कार्डाचे वॅट वाचतातच वर पॅकेजला पण झोपायला मोकळीक होते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० पासूनच्या पिढ्यांवर मोफत नूवो ड्रायव्हरला घड्याळाचा वेग बदलता येत नव्हता, सही केलेलं फर्मवेअर लागतं म्हणून, ट्युरिंग (जीटीएक्स १६००, आरटीएक्स २०००) आणि पुढच्यांसाठी कर्नेल ६.७ पासून जरा मार्ग निघाला. म्हणजे मधल्या कार्डांवर एकतर कंपनीचा ड्रायव्हर टाका नाहीतर कार्ड काढा.

यूट्यूब. मशीन मोकळं असताना ३० वॅट आणि व्हिडिओ लावला की ७०, अशी तक्रार असेल तर व्हिडिओ प्रोसेसरवर उलगडला जातोय, ग्राफिकवर नाही. यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या फॉरमॅटमधे पाठवतं. इंटेलमधे व्हीपी९ ची पूर्ण हार्डवेअर सोय सातव्या पिढीपासून, डेस्कटॉपवर एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. दुसऱ्या तिसऱ्या पिढीच्या आय५ ला यातलं काही नाही, फक्त एच२६४ हा जुना फॉरमॅट येतो, त्याला व्हीपी९ दिला की चारही कोअर राबतात. अशा मशीनवर ब्राउझरमधे एच२६४ मागणारं एक्स्टेंशन टाका, १०८०पी पर्यंत अडचण नाही. फायरफॉक्स ११५ पासून लिनक्समधे इंटेल ग्राफिकवर हार्डवेअर डीकोड आपोआप चालू आहे, पण त्याला ड्रायव्हर लागतो, पाचव्या पिढीपासून पुढं इंटेल मीडिया ड्रायव्हर आणि त्याच्या आधीच्यांना जुना आय९६५. व्हीएइन्फो चालवून बघा यादी येते का, आणि व्हिडिओ चालू असताना इंटेल जीपीयू टॉपमधे व्हिडिओची पट्टी हलते का. नाही हलली तर ड्रायव्हर नाही. दिवसभर कोपऱ्यात भजन नाहीतर बातम्या लावून ठेवणाऱ्या दुकानात एवढ्या एका गोष्टीने नवा प्रोसेसर घेतल्यासारखा फरक पडतो.

गव्हर्नरच्या मागे लागू नका

लोक सगळ्यात आधी गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कधी वाढवायचा ते ठरवणारी सेटिंग) बदलतात आणि सगळ्यात कमी फायदा तिथं आहे. झोपलेल्या कोअरचा वेग ८०० मेगाहर्ट्झ असला काय आणि ४ गिगाहर्ट्झ असला काय, त्याची वीज तोडलेली आहे. आणि इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरमधे पॉवरसेव्ह लिहिलेलं दिसलं की घाबरून परफॉर्मन्स करू नका, तिथला पॉवरसेव्ह गरज लागली की पूर्ण वेगाने पळतो. जुन्या एसीपीआय सीपीयूफ्रेक ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह मात्र खरंच सगळ्यात कमी वेगावर खुंटी ठोकून ठेवतो, तिथं शेडयूटिल ठेवा.

राइझनवाल्यांसाठी, एएमडी पी-स्टेट कर्नेल ५.१७ मधे आला, ईपीपीवाली (वेगाकडं झुकायचं का बचतीकडं ते सांगायची) चांगली पद्धत ६.३ मधे. मिंट २१ मधे मूळ कर्नेल ५.१५ आहे, म्हणजे तिथं हा ड्रायव्हर नाहीच. मिंट २२ चा ६.८ आहे. बायोसमधे सीपीपीसी (या ड्रायव्हरला लागणारी वेग ठरवायची सोय) चालू असेल आणि प्रोसेसरला ते येत असेल तर मिंट २२ वर नुसतं अपग्रेड केल्याने वागणं सुधारतं. ईपीपी बॅलन्स पॉवरवर ठेवा, फॉर्म भरायच्या कामात हळू झाल्याचं कळत पण नाही.

टीएलपी (लॅपटॉपची लाईट वाचवायचं टूल) टाकणाऱ्यांनो, टीएलपीला डेस्कटॉप म्हणजे कायम चार्जरला लावलेला लॅपटॉप वाटतो. त्याच्या सेटिंगमधे एसीच्या ओळी आणि बॅटरीच्या ओळी वेगळ्या आहेत आणि एसीवर तो बहुतेक काही वाचवत नाही. एसीच्या ओळी स्वतः बदलाव्या लागतात. आणि टीएलपी आणि पॉवर प्रोफाईल्स डीमन दोन्ही एकत्र ठेवू नका, एकमेकांचं पुसत बसतात.

लोडवर तापणारं मशीन

लग्नाचे व्हिडिओ रेंडर करणारे, फोटो स्टुडिओवाले यांचं दुखणं वेगळं, त्यांचं मशीन खरंच पळत असतं. मे महिन्यात बाहेर ४२-४३, पत्र्याच्या दुकानात त्याहून वर, कूलरला थंड हवा मिळणार कुठून. वर जिनिंगच्या हंगामात उडालेला कापूस हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखा बसतो, मानवत-सेलूच्या मशीनमधे हे मी नेहमी बघतो, ब्लोअर मारला तरी निघत नाही, पंखा काढून चिमट्याने सोलावा लागतो. गरम चिपमधून गळणारी वीज पण जास्त असते, म्हणजे तेच काम करायला तीच चिप उन्हाळ्यात थोडे जास्त वॅट घेते.

इथं उपाय म्हणजे वरची मर्यादा कमी करणं. प्रोसेसरचा खर्च वेगाच्या पटीत वाढतो पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं. म्हणून वरून वॅट कापले तर वेग त्या मानाने फार कमी जातो. बऱ्याच बोर्डांवर इंटेलची मर्यादा ४०९५ वॅट लावलेली असते, म्हणजे मर्यादाच नाही. बायोसमधे पीएल१ (कायमची मर्यादा) ६५ आणि पीएल२ (थोड्या वेळाची मर्यादा) पण ६५-७० करा. लिनक्समधून पण होतं, सिसखाली क्लास, त्याखाली पॉवरकॅप, त्यात इंटेल रॅपलचं फोल्डर, तिथं मर्यादा मायक्रोवॅटमधे लिहायची असते, ६५ वॅट म्हणजे ६ कोटी ५० लाख. शून्य मोजून टाका, एक कमी पडला तर ६.५ वॅटवर मशीन रांगायला लागेल. राइझनला बायोसमधे इको मोड असतो, १०५ वाल्याला ६५ च्या वर्गात बसवतो.

नीट करून परत बिघडतंय, ते का

आता ज्यांचं एकदा सुधारून परत तसंच होतं त्यांच्यासाठी.

पॉवरटॉपचं ऑटो ट्यून रीबूट झालं की पुसलं जातं. त्याची सिस्टमडी सर्व्हिस करून ठेवावी लागते. पॉवरकॅपमधे लिहिलेली मर्यादा पण तशीच, रीबूटला गेली. हे निम्म्या लोकांना माहीत असतं.

दुसरं कारण कुणी बघत नाही, ते म्हणजे बोर्डवरची सीआर२०३२ ची बटन बॅटरी. जुन्या बोर्डवर ती मेलेली असते. लाईट गेली, यूपीएस पण बसलं, किंवा रात्री तुम्ही मेन स्विच बंद करून गेलात, की बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर परत. सी-स्टेट परत बंद, पीएल परत ४०९५. पूर्वी हे लगेच कळायचं, कारण घड्याळ २००९ वर जायचं आणि एकही साईट उघडायची नाही. आता लिनक्स नेट मिळालं की वेळ गुपचूप बरोबर करून घेतं, त्यामुळे बॅटरी मेल्याचं कुणाला कळतच नाही, आणि आपल्याकडं लाईट जाते दिवसाआड, म्हणजे सेटिंग पण दिवसाआड पुसलं जातं. जर्नलसीटीएलमधे (लिनक्सच्या नोंदवहीत) बूटच्या पहिल्या ओळींची तारीख बघा, ती जुन्या काळातली असेल आणि मधेच उडी मारून आजची होत असेल तर बॅटरी बदला. मल्टीमीटर असेल तर ३ व्होल्टच्या आसपास हवेत, बरीच खाली असेल तर टाकून द्या. ही एक बॅटरी बदलल्यावर परत फोन न आलेली दुकानं बरीच आहेत.

तिसरं, एसएमपीएस. ५०० वॅट लिहिलेला, वजनाला हलका, स्वस्तातला. ८० प्लसचं प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के लोडवर तपासतात. तुमचं मशीन ३५ वॅटवर आलं म्हणजे ५०० च्या मानाने ७ टक्के, तिथं चांगला एसएमपीएस पण ढेपाळतो आणि बिनप्रमाणपत्राचा तर विचारू नका. आत १० वॅट वाचवूनही सॉकेटवर पूर्ण फरक दिसत नसेल तर हे कारण. आणि एसएमपीएस बदलताना ॲक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारा) घेतला तर यूपीएस चौकोनी वेव्हचा आहे का बघा, काही जोड्यांमधे लाईट जाताना मशीन रीस्टार्ट मारतं.

मग घ्यायचा कुठला

एवढं सगळं करूनही मशीन जुनंच असेल तर बदला, त्याला काही इलाज नाही. कोअर २ डुओच्या जमान्यातलं मशीन मोकळ्या वेळेत साधारण ५०-६० वॅट घेतं, काही केलं तरी फार खाली येत नाही, त्या चिपसेटलाच झोप माहीत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय५ टॉवर, कार्ड काढून, नीट लावून, ३० च्या आसपास येतो. सहाव्या ते आठव्या पिढीचा टायनी डबा १०-१५. इंटेलच्या एन१०० या छोट्या प्रोसेसरचा मिनी पीसी ६ ते १०. हे आकडे मॉनिटर सोडून, सॉकेटवरचे, थोडं वरखाली होणारच.

राइझन घेणाऱ्यांनी एक बघा. ५६००जी आणि ५६००एक्स दोन्हीवर ६५ वॅट लिहिलंय, दोघांना सहाच कोअर, पण ५६००जी एकाच तुकड्याची चिप आहे आणि ५६००एक्स मधे कोअरचा तुकडा वेगळा, आयओचा (मेमरी आणि बाकी डिव्हाईसशी बोलणारा) तुकडा वेगळा, तो पण १२ नॅनोमीटरचा जुना. तो आयओचा तुकडा आणि दोघांमधली वायर मोकळ्या वेळेत पण जागी असते, १० वॅट आणि वर तिथंच जातात. शिवाय ५६००एक्सला ग्राफिक नाही, कार्ड लावावंच लागतं. म्हणजे ऑफिसच्या कामाला ५६००जी. इंटेलमधे एफ अक्षरवाले घेऊ नका, तेच कारण, ग्राफिक नाही.

एन१०० बद्दल सावध करतो, फॉर्म, टायपिंग, व्हिडिओ बघणं याला उत्तम, एव्ही१ पण उलगडतो, पण चारच कोअर आणि मेमरीचा एकच चॅनेल. त्यावर लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायला बसाल तर नवरा-नवरीला लेकरं होतील. जास्त वेळ राबणाऱ्या मशीनची तुलना कामाला किती ऊर्जा लागली यावर करायची. समजा एक मशीन १२० वॅट घेऊन १० मिनिटांत काम संपवतं, म्हणजे २० वॅट-अवर, दुसरं ६० वॅट घेतं पण २५ मिनिटं, म्हणजे २५ वॅट-अवर. जास्त वॅटवालं स्वस्त पडलं, पण ते काम संपल्यावर मोकळं बसून ५० वॅट खात असेल आणि दुसरं १५, तर संध्याकाळपर्यंत हिशोब उलटतो. इंटेलवर आणि नव्या राइझनवर पर्फ स्टॅटला एनर्जी पॅकेजचा इव्हेंट दिला की एका कामाला किती ज्यूल लागले ते मिळतं, ३६०० ज्यूल म्हणजे एक वॅट-अवर. एकाच मशीनवर वेगवेगळी मर्यादा लावून तोच व्हिडिओ रेंडर करून बघायला हे बरं आहे, ४५, ६५ आणि मोकळी सोडून असं तीनदा करा, आणि मशीन थंड सकाळी आणि दुपारी अशा दोन्ही वेळी करा, कारण दुपारचा निकाल वेगळा येतो.

अजून अडलं तर विचारा, पण विचारताना सॉकेटवरचे तीन आकडे, कर्नेलचा नंबर आणि टर्बोस्टॅटच्या दोनचार ओळी पॅकेजच्या रकान्यांसकट पाठवा. नुसतं "आय५ आहे, लाईट जास्त खायलंय" यावर मला काही सांगता येत नाही.